उत्तर वर कशाला?

गेल्या रविवारी पाहुण्यांना आणायला विमानतळावर निघालो. बर्डीहून वर्धा रोडला लागलो, तसा शेजारी बसलेला भाचा फोनमधला नकाशा बघून म्हणाला, "मामा, विमानतळ डावीकडे दिसतोय." वर्धा रोडने जाताना सोनेगावचा विमानतळ उजव्या हाताला, हे कोणताही नागपूरकर सांगेल. फोनचंही चुकलं नव्हतं. नकाशात उत्तर वर होती आणि आम्ही चाललो होतो दक्षिणेला.

"मग पायलट काय करतो?" भाच्याने विचारलं.

कॉकपिटमधल्या नेव्हिगेशन डिस्प्लेवर, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या पडद्यावर, एरवी विमानाचं चिन्ह जागेवरच असतं, नकाशा त्याच्याभोवती फिरतो. समोरचं ते वर. का? 1971 मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्हींतली वस्तू एकच आहे का, असं विचारलं. आकृत्यांमधला कोन वाढला की ओळखायला लागणारा वेळ त्याच प्रमाणात वाढायचा. आपण मनात चित्र जणू फिरवूनच बघतो. उतरताना, रेडिओवर बोलणं चालू असताना, एवढी सवड कुणाला?

खरी गंमत 'समोर' या शब्दात आहे. 450 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) उडणाऱ्या विमानाला बाजूने 60 नॉटचा वारा लागला, तर मार्ग सरळ राखायला नाक सुमारे 8 अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. नदी पार करताना नावाडी करतो तसंच. आता पडद्यावर वर काय ठेवायचं? नाकाची दिशा ठेवली तर खिडकीतलं दृश्य जुळतं, पण मार्गाची रेघ तिरकी दिसते. मार्ग ठेवला तर रेघ उभी, पण नाकासमोरचा ढग पडद्यावर 8 अंश बाजूला. दोन्ही तऱ्हा वापरात आहेत. एअरबस नाकाची दिशा वर ठेवते आणि प्रत्यक्ष जाण्याची दिशा शंकरपाळ्याच्या आकाराच्या हिरव्या खुणेने दाखवते. मला हीच तऱ्हा आवडते.

उत्तर वर असलेला नकाशाही तिथे असतो, उड्डाणाआधी आखलेला मार्ग तपासायला. दिशा ही सोयीची गोष्ट. दक्षिणमुखी दार म्हटलं की घाबरवणाऱ्या वास्तुवाल्यांना सोनेगावची धावपट्टी दाखवावी: टोकांवर आकडे 14 आणि 32, म्हणजे 140 आणि 320 अंश, आग्नेय-वायव्य. धावपट्टी आखताना वारा बघतात, पंचांग नाही.

येताना गाडी उत्तरेकडे होती. भाच्याने नकाशाला हात न लावता घरापर्यंत रस्ता सांगितला, एकदाही चुकला नाही.