ऑनबोर्ड एअर कॉम्प्रेसर

ऑनबोर्ड एअर कॉम्प्रेसर : वाळू, चिखल, खडक किंवा कच्च्या वाटांवर चालवल्या जाणाऱ्या चारचाकीत कायमचा बसवलेला आणि गाडीच्याच बॅटरीवर किंवा इंजिनावर चालणारा हवा भरण्याचा पंप. पारिभाषिक मराठीत याला ‘वायुसंपीडक’ असा शब्द आहे. गॅरेजात तो कोणी उच्चारत नाही, तिथे कॉम्प्रेसरच म्हणतात. डिकीतल्या पिशवीत ठेवायचा, लागेल तेव्हा बॅटरीला चिमटे लावून चालवायचा सुटा पंप या व्याख्येत बसत नाही. पण विकत घेणाऱ्याच्या मनात खरी तुलना त्याच्याशीच चाललेली असते, म्हणून या नोंदीत तो पुन्हापुन्हा येईल.

गरज का पडते

टायरमधली हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो. त्याचा ठसा रुंदीपेक्षा लांबीने जास्त वाढतो, गाडीचे वजन मोठ्या क्षेत्रावर वाटले जाते आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून जाते. डांबरी रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआयवर (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे दाबाचे माप) चालणारी गाडी मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआयवर चालवतात. खडकांवरही हवा उतरवतात, कारण मऊ टायर दगडाला बिलगतो. अडचण परतीच्या वाटेवर येते. तेवढ्याच हवेवर डांबरी रस्त्याला लागून वेग घेतला तर टायरच्या बाजूच्या भिंती सतत दुमडत राहतात, तापतात आणि टायर फुटू शकतो. वळणावर रिमवरून सुटण्याचाही धोका असतो. हवा सोडायला काडी पुरते, भरायला यंत्र लागते.

हे तंत्र वाळवंटात जन्मले. ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घालताना मऊ वाळूत टायरची हवा कमी करण्याची पद्धत वापरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘डक’ या जमीन-पाण्यावर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला जागेवर बसूनच टायरचा दाब कमी-जास्त करता येऊ लागला. किनाऱ्यावर चढताना मऊ टायर आणि पुढे रस्त्यावर कडक टायर, दोन्ही न थांबता. १९५८ पासूनच्या सोव्हिएत झिल-१५७ ट्रकनेही ही सोय घेतली. खासगी गाड्यांमध्ये कॉम्प्रेसर कायमचा बसवण्याची रीत मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत रुजली. ऑस्ट्रेलियात सिम्पसन वाळवंटात हजाराहून अधिक समांतर टेकड्या ओलांडाव्या लागतात आणि क्वीन्सलंडच्या क’गारी बेटावरचा समुद्रकिनारा हाच अधिकृत रस्ता आहे. मेलबर्नमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या एआरबी या कंपनीने हवेवर चालणारे डिफरन्शियल लॉक (थोडक्यात डिफ लॉक; एक चाक नुसतेच फिरत राहू नये म्हणून त्याच अॅक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) लोकप्रिय केले. त्या लॉकला दाबाखालची हवा हवी, म्हणून कॉम्प्रेसर गाडीतच बसवणे ओघाने आले.

पीएसआयचा आकडा आणि लिटरचा आकडा

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा म्हणजे ‘१५० पीएसआय’. निवडीच्या कामाला हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. पंप किती दाबापर्यंत जाऊ शकतो एवढेच तो सांगतो; सायकलचा हातपंपही शंभराच्या आसपास जातो. टायरला हवे असतात तीसेक पीएसआय. पाहायचा आकडा म्हणजे त्या तीस पीएसआयच्या विरुद्ध पंप मिनिटाला किती हवा ढकलतो. हे माप लिटरमध्ये किंवा घनफुटात देतात. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. यातही मेख आहे. बरेच विक्रेते शून्य दाबाचा, म्हणजे नळी मोकळ्या हवेत धरून मोजलेला प्रवाह देतात. विरुद्ध दाब वाढत जातो तसा प्रवाह घटतो आणि स्वस्त पंपांत तो फार झपाट्याने घटतो. चांगल्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात दाब आणि प्रवाह यांचा तक्ता किंवा आलेख असतो. तो नसेल तर यंत्राबद्दल तेवढ्यावरूनच काही कळते.

एक उदाहरण करून पाहू. २०२० नंतरच्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात. अशा टायरच्या पोकळीचे घनफळ मोजमापांवरून काढले तर साधारण ६५ लिटर भरते. तो १५ पीएसआयवरून ३० वर न्यायचा, म्हणजे १५ पीएसआय वाढवायचे. हा दाब जवळजवळ एका वातावरणाएवढाच असल्याने टायरमध्ये त्याच्या स्वतःच्या घनफळाइतकी, ६५ लिटर, बाहेरची हवा आणखी कोंबावी लागते. चार टायरना २६० लिटर. तीस पीएसआयविरुद्ध मिनिटाला ६० लिटर देणारा पंप हे काम साडेचार मिनिटांत करील, २० लिटर देणारा तेरा मिनिटांत. नळी एका टायरवरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ वेगळाच. तेरा मिनिटे ऐकायला फार वाटत नाहीत. पण सोबत सहा गाड्या असल्या, त्यांतल्या दोघांकडेच पंप असले आणि ऊन डोक्यावर आले, की आकड्यांचा अर्थ कळतो. मोठे, ३३ किंवा ३५ इंची टायर लावले तर घनफळ दीडपट किंवा त्याहून जास्त होते आणि हिशेब त्याच प्रमाणात वाढतो.

तापणे

हवा दाबली की तापते. हे पंपाच्या दर्जाचे नव्हे, निसर्गाचे काम आहे. २७ अंश सेल्सिअसची हवा एका दमात ३० पीएसआयपर्यंत दाबली तर सैद्धांतिक हिशेबाने तिचे तापमान १४० अंशांच्या घरात जाते. १०० पीएसआयपर्यंत दाबली तर २६० च्याही वर. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता सिलिंडरच्या धातूत उतरते, म्हणून सिलिंडर आणि त्याचे झाकण हाताला चटका देतात. याच कारणाने सिलिंडरच्या झाकणाला जोडलेली पहिली हात-दीड हात नळी साध्या रबराची न ठेवता टेफ्लॉनची, वरून स्टीलच्या जाळीने विणलेली ठेवतात. ती ज्याने वगळली त्याची नळी एक ना एक दिवस जोडापाशी मऊ पडून निसटते.

म्हणून ‘ड्युटी सायकल’ हा दुसरा महत्त्वाचा आकडा. ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात दहा मिनिटे चालणे आणि वीस मिनिटे विश्रांती. १०० टक्के म्हणजे सलग. हा आकडा कोणत्या दाबाला आणि बाहेरच्या कोणत्या तापमानाला दिला आहे तेही वाचावे. अमेरिकी उत्पादक बहुधा १०० पीएसआय आणि सुमारे २२ अंश धरतात. जैसलमेरच्या मार्चमधल्या दुपारी किंवा बॉनेटखाली ते २२ अंश मिळणार नाहीत. उलट टायर भरताना दाब १०० ऐवजी ३० असतो, तेवढा दिलासा. आतला थर्मल कट-आउट, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच, पंपाला जळण्यापासून वाचवतो. तो नसलेला पंप कायम बसवू नये. दोन सिलिंडरांचे पंप महाग आणि जड असतात, पण काम लवकर उरकत असल्याने तापायला वेळच कमी मिळतो.

वीज

बसवलेला कॉम्प्रेसर जिथे फसतो ते ठिकाण बहुतेक वेळा पंप नसून वायर असते. १२ व्होल्टवर ३० अँपिअर घेणारा पंप म्हणजे ३६० वॅट. डॅशबोर्डवरच्या सिगारेट लायटर सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२० ते १८० वॅट. त्यामुळे सॉकेटवर चालणारा पंप लहानच असणार. त्याच्या खोक्यावर काहीही छापलेले असो.

मोठ्या पंपाची वायर थेट बॅटरीवरून, मध्ये रिले (लहान बटणाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, अशी घालतात. जाडीत काटकसर करू नये. बॅटरीपासून पंपापर्यंत ४ मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबे होते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ३० अँपिअरला तिच्यातच सुमारे १.६ व्होल्ट गळतात. १० चौरस मिलिमीटरची घातली तर ०.४. व्होल्ट गळाले की मोटर मंद होते, काम लांबते, तापणे वाढते आणि मालक पंपाला शिव्या देतो. हवा भरताना इंजिन चालू ठेवणे हा ऐच्छिक सल्ला नव्हे. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर चालू असताना मोटरला पुरेसे व्होल्ट मिळतात आणि निर्जन ठिकाणी बॅटरी उतरून सगळेच अडकत नाहीत.

इंजिनावर चालणारे पंप

ट्रक-बसच्या एअर ब्रेकसाठी इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर असतोच, त्यामुळे कित्येक ट्रकचालक त्याच हवेवर आपले टायर भरून घेतात. लहान गाडीत हे करायचे तर जुना एसी कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चढवतात. अमेरिकेत यासाठी यॉर्क बनावटीच्या जुन्या पिस्टन कॉम्प्रेसरला मान आहे. त्याला स्वतःची तेलाची टाकी असल्याने तो हवेवरही टिकतो आणि मोठा प्रकार दर फेऱ्याला सुमारे १७० घनसेंटिमीटर हवा ओढतो, जे विजेच्या पंपांच्या आवाक्याबाहेर आहे. नंतरच्या एसी कॉम्प्रेसरांना वंगण गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलातून मिळते; त्यांना साधी हवा ओढायला लावली की वेगळे तेल पुरवावे लागते आणि ते तेल नळीतून बाहेर येऊ नये म्हणून गाळणीही लागते. आजच्या गाड्यांत पट्ट्याच्या वाटेत जागा नसते. हा मार्ग जुन्या जीपवर प्रेम करणाऱ्यांचाच उरला आहे.

टाकी, डिफ लॉक, हॉर्न

टाकीबद्दल गैरसमज फार. ४ लिटरची टाकी १२० पीएसआयवरून ९० वर उतरली तर तिच्यातून जेमतेम ८ लिटर हवा मिळते. वरच्या उदाहरणातल्या एका टायरला ६५ लागतात. टायर भरण्यासाठी लहान टाकी घेणे म्हणजे विहिरीऐवजी तांब्या विकत घेण्यासारखे आहे. टाकीचा उपयोग क्षणात भसकन हवा सोडायला होतो: रिमवरून सुटलेला टायर पुन्हा बसवताना, हवेवर चालणारा पाना काही सेकंद चालवताना. टाकी घेतलीच तर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाला पाणी काढायची तोटी हवी. कोकणच्या पावसाळी हवेत ती तोटी उघडली की गंजाळ पाणी येते.

हवेवरच्या डिफ लॉकचे गणित टायरच्या उलट आहे: हवा अगदी थोडी, दाब मात्र बराच. त्याला लहान पंपही पुरतो, पण तो गाडीत कायम आणि बटणावर तयार असावा लागतो. ऑनबोर्ड पंप घेण्याचे हे सर्वांत सबळ कारण. फोर्स गुरखासारख्या गाडीत पुढचा-मागचा डिफ लॉक कंपनीकडूनच यांत्रिक येतो, तिथे हे कारण उरत नाही. पंप आहे म्हणून प्रेशर हॉर्न जोडणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की कर्कश आणि अनेकसुरी हॉर्न मोटार वाहन नियमांत बसत नाहीत.

कुठे बसवावा

बॉनेटखाली वायर आखूड राहते आणि नळी बाहेर काढणे सोपे जाते, पण उष्णता जास्त आणि ओढ्यातून जाताना पाणी उडते. सीटखाली किंवा मागच्या डब्यात थंडावा असतो, पण वायर लांबते, आवाज आत येतो आणि धूळ असतेच. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे. पंपाची हवा ओढण्याची गाळणी त्याच्या बरीच वर असावी. बऱ्याच पंपांना गाळणी दूर नेण्यासाठी नळी जोडता येते, ती जोडून घ्यावी. पावसाळ्यात ओढा ओलांडताना पंप बंद ठेवावा, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दबत नाही.

उंचीचा परिणाम आपल्याकडे विशेष. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. खारदुंग लाला जवळजवळ निम्मा. पंप दर मिनिटाला तितकेच घनफळ ओढतो, पण त्यात हवाच कमी असते. पुण्यात पाच मिनिटांत होणारे काम लेहला सात-आठ मिनिटे घेते. तिकडे जाणाऱ्याने काठावरचा पंप निवडू नये.

महाराष्ट्रापुरते

सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांपासून तासाभरात पेट्रोल पंप किंवा पंक्चरवाला सापडतो आणि पेट्रोल पंपावर हवा मोफत देणे अपेक्षित आहे. शनिवार-रविवारी मावळात चिखल तुडवणाऱ्याला बॅटरीला चिमटे लावायचा चांगला सुटा पंप पुरतो. तो मित्राच्या गाडीलाही वापरता येतो आणि गाडी विकताना काढत बसावे लागत नाही. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणे कायद्याने मना आहे. कोकणच्या किनाऱ्यांवरही भरतीच्या वेळी रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या दर हंगामात येतात, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी हवा उतरवलेली असते. जवळ पंप आहे म्हणून किनाऱ्यावर उतरण्याचा परवाना मिळत नाही. राजस्थानच्या टेकड्या, लडाख, मोठे टायर, हवेवरचा डिफ लॉक किंवा मोठ्या ताफ्याची जबाबदारी, यांपैकी काही असेल तर मात्र गाडीत कायमचा पंप शोभतो.

बसवल्यावरची देखभाल थोडकी आहे. गाळणीचा स्पंज धूळवाटेच्या प्रत्येक सहलीनंतर झटकायचा, स्क्रू महिन्याने कसायचे कारण थरथरीने ते सैल होतात, आणि नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे. दाबाचा काटा मात्र वेगळा ठेवावा. नळीवरचा काटा हवा वाहत असताना चुकीचे दाखवतो, म्हणून पंप थांबवून सुट्या गेजने टायर मोजतात.