कर्नाळ्याला आमच्याबरोबर येताय? मग हे आधी वाचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही दर रविवारी कर्नाळा किल्ल्यावर गट घेऊन जातो. एका गटात वीसच माणसं आणि त्यांच्याबरोबर आमचे दोन वाटाडे. सकाळी साडेसहाला पनवेल एसटी स्थानकावर भेटायचं, तिथून पेणकडे जाणारी गाडी धरायची. वाटेत शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके 1845 साली इथेच जन्मले. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. खिडकीतून अंगठ्यासारखा सुळका दिसू लागला की उतरायची तयारी करा.

“साडेचारशे मीटर म्हणजे काय, टेकडीच की!” असं फोनवर बरेचजण म्हणतात. घाटावरच्या किल्ल्यांना निम्मी चढाई गाडीच करते. इथे पायथा समुद्रसपाटीच्या जवळ, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढावी लागते, आणि तीही कोकणच्या दमट हवेत. डिसेंबरातही सदरा पिळून निघतो. म्हणून माणशी तीन लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर हवीच. गडावर खडकात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी आम्ही कुणाला पिऊ देत नाही. चढायला दोन ते अडीच तास लागतात. आम्ही सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीनेच जातो.

पहिला टप्पा दाट झाडीचा: साग, कोशिंब, उंबर. हे 1968 पासूनचं पक्षी अभयारण्य आहे, इथे गाणी लावायची नाहीत. गप्पा थांबल्या की भृंगराज ऐकू येतो. हा पक्षी इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. तिबोटी खंड्या बघायची इच्छा बरेचजण सांगतात. तो इथे पावसाळ्यात मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. त्या दिवसांत आम्ही गट नेत नाही, त्याच्या बिळाजवळ तर मुळीच नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळाची पोळी असतात. या माशा उगाच अंगावर येत नाहीत. धूर, उग्र वास, आरडाओरडा, दगड यांनी चवताळतात. म्हणून त्या दिवशी अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून येऊ नका. विडी-सिगरेट गडावर नाही. एखादी माशी घोंघावू लागली तर हात झटकू नका, तिला चिरडू तर अजिबात नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या धावून येतात. उपरण्याने तोंड-मान झाका आणि वाटाड्याच्या मागून खाली झाडीत उतरा. डंख झालाच तर काटा नखाने लगेच खरवडून काढा.

कर्णाई देवीच्या देवळाशी गट थांबतो. तिथून वाटाडा एकटा पुढे जाऊन पोळी बघून येतो. माशा अस्वस्थ दिसल्या तर सुळक्याच्या पायथ्याशी आपण जात नाही. लांबून आलेल्यांना वाईट वाटतं, आम्हालाही वाटतं, पण त्यावर घासाघीस होत नाही. पुढच्या कुठल्याही रविवारी पैसे न भरता या. माशा शांत असल्या तर दरवाजातून आत जाऊन तटावर बसू. तिथून प्रबळगड आणि माणिकगड दिसतात. पुरंदरच्या तहात गेलेला हा किल्ला 1670 मध्ये मराठ्यांनी कसा परत घेतला, ते तिथेच सांगू. सुळक्यावर चढणं आमच्या सहलीत नाही.

बूट तळाला खाचा असलेले घाला, उतरताना सुक्या पाल्यावरून पाय सटकतो. खाली एका घरी जेवण ठरलेलं आहे: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. चारपर्यंत परतीची गाडी मिळते.

माशी चावल्यावर पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास अडकला असेल, तर नाव नोंदवतानाच सांगा. डॉक्टरांनी औषध दिलेलं असेल तर ते पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवा आणि निघण्यापूर्वी वाटाड्याला दाखवा.