खाणीच्या पाण्यातलं लोह वाटेत हरवू नये म्हणून
बंद भूमिगत कोळसा खाणींचे नमुने पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी

वणी, बल्लारपूर, उमरेड, सावनेर भागातून बंद खाणींच्या पाण्याचे नमुने आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या प्रयोगशाळेत नियमित येतात. दर तिमाहीला रिपोर्ट गेला की एक फोन हमखास येतो : "पाणी बाहेर पडतं तिथले दगड तांबडे झालेत, मग तुमच्या रिपोर्टात लोह एवढं कमी कसं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर बहुतेक वेळा बाटलीत असतं.

बुडालेल्या खाणीत हवा पोहोचत नाही. तिथलं लोह पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं, म्हणून बोअरमधून काढलेलं पाणी काचेसारखं नितळ दिसतं. हवा लागली की त्याच लोहाचा गंज होऊन तळाशी बसतो. पाणी उदासीन असेल तर हे काही तासांतच होतं आणि तुमचं पार्सल तर रात्रभर प्रवास करून येतं. आम्ही खोकं उघडतो तेव्हा बाटलीच्या तळाशी नारिंगी साका, खांद्याशी तांबडी कड आणि वर स्वच्छ पाणी. वरचं पाणी तपासलं तर लोह जवळपास नाही. हलवून तपासलं तर भरपूर, पण ते विरघळलेलं होतं की आधीपासूनच गाळाच्या रूपात होतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. शिवाय लोह साकळताना आम्ल सुटतं, म्हणून पीएच आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) हेही घसरतात. एका बाटलीपायी तीन आकडे जातात.

द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असलं की ठिबकचे ड्रीपर कसे तांबडे होऊन बुजतात, ते त्यांनी पाहिलेलं असतं. खाणीचं पाणी त्याच जातीचं आहे.

म्हणून लोह आणि इतर धातूंसाठी आम्ही लाल झाकणाची वेगळी बाटली देतो. पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सिरिंजने गाळून तिच्यात भरायचं. आत नायट्रिक आम्ल आधीच घातलेलं असतं. त्याने पीएच २ च्या खाली जातो आणि लोह विरघळलेलंच राहतं.

नेमका इथे हात चुकतो. नमुना घेणाऱ्या माणसाला शिकवलेलं असतं की बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. बाकीच्या बाटल्यांना ते बरोबरच आहे. पण लाल झाकणाची बाटली विसळली की आम्ल मातीत गेलं आणि आमच्या हाती पुन्हा साधी बाटली आली. ती विसळू नका, खुणेच्या वर भरू नका आणि हातमोजे घातल्याशिवाय उघडू नका. अल्कलिनिटीच्या निळ्या झाकणाच्या बाटलीचं उलट आहे : आम्ल नाही, काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा नको, आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची.

"आम्ल लॅबमध्येच टाका ना," असं काही जण म्हणतात. टाकता येतं, पण मग एकूण लोह मिळतं, विरघळलेलं नाही. पुढे नाल्यात काय साकळणार आणि गाळ खाली बसवायची सेटलिंग टाकी केवढी बांधायची, हे विरघळलेल्या लोहावरून ठरतं. म्हणून लाल बाटली नसलेला किंवा विसळलेला नमुना आम्ही धातूंसाठी घेत नाही, तुम्हाला कळवून परत पाठवतो. यावरून नाराजी होते, हे ठाऊक आहे. पण चुकीच्या आकड्यावर सही करणं आम्हाला जमणार नाही. दुसऱ्यांदा परवानगी, गाडी आणि माणूस यांचा खर्च तुमच्याच खिशातून जातो, तो पहिल्याच खेपेला वाचावा एवढाच हेतू आहे.

पीएच, तापमान आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजून फॉर्मवर लिहा. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाटेत उडून जातो, त्यामुळे आम्ही इथे मोजलेला पीएच खाणीतला नसतो. पाणी आंबट होतं ते कोळशातल्या गंधकामुळे. विदर्भातल्या कोळशात ते तसं कमी, त्यामुळे आसामच्या माकुम कोळसा पट्ट्यासारखं आंबट पाणी इथे सर्रास मिळत नाही. तरी पीएच ७ आला म्हणजे लोह नाही, असं समजू नका.

केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाइपात, साचलेलं पाणी खाणीचं नव्हे. चार इंची केसिंगमध्ये दर मीटरला साधारण ८ लिटर पाणी मावतं, म्हणजे ४० मीटरच्या स्तंभात ३२० लिटर. वाहकतेची लागोपाठ तीन रीडिंग सारखी येईपर्यंत उपसा करा. जुन्या पिटात (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीत) हलकं गोड पाणी वर आणि क्षारयुक्त जड पाणी खाली राहू शकतं, म्हणून खोली लिहिल्याशिवाय नमुन्याला अर्थ नाही.

पाण्याची पातळी दर वेळी केसिंगवरच्या एकाच खुणेपासून मोजा. हे नुसतं कागद भरणं नाही. १९७५ साली धनबादजवळच्या चासनाल्यात जुन्या खाणीत साठलेलं पाणी चालू खाणीत घुसलं आणि ३७५ माणसं गेली. पाणी भरलेल्या जुन्या खाणकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खाणकाम पुढे नेता येत नाही, ते याच धोक्यापायी. शेजारी चालू खाण असेल तर तुमची पातळीची वही तिथल्या माणसांसाठी आहे.

पिटाच्या तोंडाशी विडी-काडी नको आणि आत डोकावू नका. हवेचा दाब उतरला की जुन्या खाणीतून मिथेन आणि प्राणवायू कमी असलेली हवा बाहेर येते. खाणीचा जबाबदार माणूस सोबत असल्याशिवाय तिथे जाऊच नका.

बाटल्या, फिल्टर, सिरिंज, हातमोजे आणि फॉर्म असं पूर्ण किट तपासणीच्या दरातच मिळतं, वेगळे पैसे नाहीत. आठवडाभर आधी कळवा. तुमच्याकडे नमुना घेणारा नवा माणूस आला असेल तर त्याला एक दिवस सातपूरला पाठवा, आम्ही त्याच्या हातून करवून घेतो.

आणि पार्सलवर नुसतं "वणी" लिहू नका. आमच्याकडे दिंडोरीच्या वणीहूनही बोअरचं पाणी येतं. "वणी, जि. यवतमाळ" असं पूर्ण लिहा.