क्रिप्टोत पेमेंट घेताय? ॲड्रेसबरोबर नेटवर्क पण सांगा

आमच्याकडे वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं ॲप, करून घेतलेल्या सगळ्यांसाठी हा कागद छापलाय. कोथरूड-बाणेरकडची बरीच मुलंमुली बाहेरच्या क्लायंटचं डिझाईन, कोडिंग करतात, क्लायंट म्हणतो यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टोत देतो, ॲड्रेस पाठव, आणि मग आम्हाला फोन येतो की ॲड्रेस असतो कुठे.

शोधणं सोपंय. ॲपमध्ये ते कॉइन उघडा आणि 'रिसीव्ह' दाबा, एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या ॲपवर, त्यालाच 'डिपॉझिट' म्हणतात. क्यूआर येतो आणि खाली अक्षरं-आकड्यांची लांब ओळ, तोच ॲड्रेस. कॉपीचं बटण दाबूनच पाठवा. फोनवर वाचून दाखवू नका, आणि नुसता स्क्रीनशॉट नको, त्यावरून समोरचा हाताने टाइप करत बसतो.

आता खरा घोळ. लोक ॲड्रेस देतात पण नेटवर्क सांगत नाहीत. बँकेचा खाते नंबर देऊन बँकेचं नावच न सांगण्यासारखं आहे हे. यूएसडीटी इथेरियमवर चालतं, ट्रॉनवर चालतं, बीएनबी चेनवर चालतं, ॲपमध्ये हेच ईआरसी-२०, टीआरसी-२०, बीईपी-२० असं लिहिलेलं दिसतं. ट्रॉनचा ॲड्रेस कॅपिटल टी ने सुरू होतो, त्यामुळे तिथे इथेरियमवरून पाठवायला गेलं तर ॲपच अडवतं, नुकसान होत नाही. पण इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन या तिन्हींचा ॲड्रेस शून्य आणि एक्सने सुरू होतो, एकूण ४२ अक्षरं, दिसायला अगदी सारखा. म्हणजे तुम्ही इथेरियमचा दिला आणि क्लायंटने फी कमी म्हणून बीएनबी चेन निवडली तर कोणीच अडवत नाही, त्याच्याकडे 'सक्सेस' येतं आणि तुमच्याकडे शून्य.

तुमचं स्वतःचं वॉलेट असेल, म्हणजे वॉलेट परत उघडायचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द तुमच्याकडे असतील, तर घाबरू नका, पैसे तिथेच आहेत, फक्त ॲपमध्ये नेटवर्क बदलून ते टोकन ॲड करावं लागतं, आम्ही बसल्या बसल्या करून देतो. पण एक्सचेंजचा डिपॉझिट ॲड्रेस दिला होता आणि ते एक्सचेंज ते नेटवर्क घेतच नाही, तर गोष्ट आमच्या हातात राहत नाही. काही एक्सचेंज फी घेऊन शोधून देतात, काही सरळ नाही म्हणतात, आणि पाठवलेलं परत फिरवणारं मध्ये कोणी नसतं. एक्सआरपीसारख्या कॉइनला एक्सचेंजवर ॲड्रेससोबत टॅगचा, म्हणजे तिथलं तुमचं खातं ओळखायचा, नंबर पण लागतो, तो विसरला तरी हीच गत.

म्हणून इन्व्हॉइसवर एका ओळीत कॉइन, नेटवर्क आणि ॲड्रेस तिन्ही लिहा. आणि पहिल्यांदा पाच-दहा डॉलरच मागवा, ते दिसले की बाकीचे. बरेच जण म्हणतात एवढ्याशा कामाला अर्धा तास लावता, आणि टेस्टची फी वेगळी जाते ती जातेच. जाते, पण महिन्याची कमाई अडकलेली माणसं आम्ही इथे खुर्चीत बसलेली बघितलीत, त्यामुळे टेस्ट झाल्याशिवाय आम्ही सेटअप पूर्ण झाला म्हणत नाही आणि म्हणणारही नाही.

पेस्ट केल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळवा, कारण कॉपी केलेला ॲड्रेस गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. क्लायंटला पण सांगा की जुन्या व्यवहारांच्या यादीतून ॲड्रेस उचलू नको, तिथे मिळताजुळता ॲड्रेस घुसवायला चोर मुद्दाम चिल्लर रक्कम पाठवतात.

बिटकॉइनचा ॲड्रेस दर वेळी नवीन दिसला म्हणून हॅक झालं असं समजू नका, तुमच्याच वॉलेटमधले जुने ॲड्रेस पण चालतात. ट्रॉनवर यूएसडीटी आलं पण पुढे जात नाही, ही पण नेहमीची तक्रार, तर फीसाठी थोडं टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं कॉइन, ठेवावं लागतं.

ॲड्रेस कोणाला दिला म्हणून पैसे जात नाहीत, पण त्यावरून तुमची जमा-शिल्लक कोणीही बघू शकतं, म्हणून कामाचं आणि स्वतःच्या बचतीचं वॉलेट वेगळं ठेवा. ते बारा-चोवीस शब्द मात्र कोणालाही नाही, आम्हालाही नाही. सेटअपला फोन तुमच्याच हातात असतो आणि शब्द लिहिताना आमचा माणूस उठून बाजूला जातो ते याचसाठी. मोठी रक्कम साठत असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे फोनपासून वेगळं छोटं यंत्र, बघून जा, सीलबंद पेटी तुमच्यासमोर उघडतो.

टॅक्सचं थोडक्यात: २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस. कामाचे पैसे म्हणून आलेलं क्रिप्टो हे तुमचं उत्पन्नच, त्या दिवसाचा रुपयातला भाव लिहून ठेवा आणि परदेशी क्लायंट असेल तर सीएशी आधी बोला, ते काम आमचं नाही.

पैसे दिसत नसतील तर येताना क्लायंटकडून ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, घेऊन या, पाठवल्याचा स्क्रीनशॉट पुरत नाही. आयडी असला की पैसे कुठल्या नेटवर्कवर गेले ते लगेच दिसतं, आणि आमच्याकडे सेटअप केलेल्यांना हे बघून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही.