ताठ रॉड आणि मजबूत रॉड: महागड्या रॉडचे पैसे नेमके कुठे जातात?

मासे धरायचा नवीन रॉड घ्यायचा म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: "थोडे जास्त पैसे घातले तर टिकेल ना?" मला हा प्रश्न असंख्य वेळा विचारला गेला आहे आणि सुरुवातीला मीही तो विचारत असे. गफलत या प्रश्नातच आहे. महाग म्हणजे मजबूत, असं आपण गृहीत धरतो. जास्तीचे पैसे मात्र बहुतेक वेळा ताठपणाला आणि त्यातून मिळणाऱ्या हलकेपणाला जातात. ताठपणा वेगळा, मजबुती वेगळी. एका मर्यादेपुढे तर एक वाढवायला गेलं की दुसरी कमी होते.

मला हे कळलं ते रॉड मोडल्यावर. बरेच दिवस पैसे साठवून घेतलेला पहिला महागडा रॉड, जेमतेम पाचवी खेप. लागलेला मासा वीतभर लांबीचा, अगदी पायाशी आलेला. लाईन हाताशी यावी म्हणून मी रॉड डोक्यावरून मागे नेला आणि टोकापासून हातभर खाली ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. मोडलेला तुकडा उन्हात धरून पाहिला. पोकळ नळीची भिंत जाड पुठ्ठ्याइतकीही नव्हती आणि कडेने सुईसारखे काळे तंतू बाहेर आले होते. सोबत आणलेला जुना फायबरग्लासचा रॉड, ज्यावर मी याच्या चौपट वजनाचे मासे ओढले होते, बाजूला धडधाकट पडला होता. आपल्याला फसवलं, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर मला जे विकलं होतं तेच मिळालं होतं. मी काय विकत घेतोय, हे मला माहीत नव्हतं.

ताठपणा म्हणजे ठरावीक जोर लावल्यावर वस्तू किती कमी वाकते. मजबुती म्हणजे मोडेपर्यंत ती किती जोर सोसते. वाळलेली काटकी आणि त्याच झाडाची ओली फांदी हातात घ्या. काटकी ताठ असते, पण जरा वाकवली की मोडते. ओली फांदी कमानीसारखी वाकते आणि सोडली की बरीचशी सरळ होते. रॉडच्या दुकानातही याच दोन गोष्टी शेजारी उभ्या असतात, फक्त दोन्हींवर चकचकीत रंग असतो.

आता थोडे आकडे बघू, कारण खरी मेख त्यांच्यात आहे. फायबरग्लासमधल्या नेहमीच्या काचतंतूचा ताठपणा, म्हणजे मॉड्युलस, साधारण ७२ गिगापास्कल. साध्या प्रतीच्या कार्बन तंतूचा २३० च्या आसपास, म्हणजे तिपटीहून जास्त. वजनात काच घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, तर कार्बन १.८ ग्रॅमपेक्षा थोडा कमीच. त्यामुळे त्याच वजनात कार्बन साडेचार पट ताठ पडतो. फरक खराच मोठा आहे. पण ओढून तोडायला लागणारा ताण पाहिला तर दोन्ही तंतू जवळजवळ सारखे, साडेतीन गिगापास्कलच्या आगेमागे. आणि तुटण्याआधी काचतंतू ताणला जातो साडेचार टक्क्यांच्या आसपास, तर साधा कार्बन दीड टक्का. म्हणजे तुटण्याआधी काच कार्बनच्या जवळपास तिप्पट ऊर्जा पोटात घेते. जुना फायबरग्लासचा रॉड दारात चेपला, बोटीत पायाखाली आला, तरी का टिकतो, याचं उत्तर यात आहे.

कार्बनमध्येही प्रती असतात. मधल्या प्रतीचा कार्बन, मॉड्युलस २९० च्या वर, साध्या कार्बनपेक्षा ताठही असतो आणि मजबूतही. त्याला तोडायला साडेपाच गिगापास्कलच्या आसपास ताण लागतो. इथपर्यंत जास्तीचे पैसे दोन्हीकडे कामी येतात. त्याच्या वर गेलात की चित्र पालटतं. मॉड्युलस ३७७ असलेल्या कार्बनची मजबुती ४.४ वर उतरते आणि ५८८ वाल्याची ३.८ वर. हा शेवटचा तर तुटण्याआधी जेमतेम ०.७ टक्का ताणला जातो. सगळ्यात महाग तंतू सगळ्यात ताठ असतो, आणि सगळ्यात नाजूकही. मधली प्रत मला सर्वांत चोख वाटते ती याचसाठी.

रॉडवर छापलेल्या ‘२४ टन’, ‘३० टन’, ‘४० टन’ या आकड्यांनी गोंधळ आणखी वाढतो. टन म्हटलं की वजन पेलण्याची ताकद डोळ्यांसमोर येते. हे टन मात्र ताठपणाचे आहेत: चौरस मिलिमीटरला इतके टन असा मॉड्युलस. २४ टन म्हणजे वरचा साधा २३०–२३५ गिगापास्कलचा कार्बन, ३० टन म्हणजे २९४ च्या आसपास, ४० टन म्हणजे ३९० च्या जवळ. तेव्हा ४० टनांचा रॉड २४ टनांपेक्षा जास्त वजन उचलेल, हा समज थेट उलटा पडू शकतो. शिवाय हा आकडा तंतूचा असतो, रॉडचा नव्हे. एका ब्लँकमध्ये, म्हणजे रॉडच्या मूळ नळीत, दोन-तीन प्रतींचे थर असू शकतात, बरोबर काचेचा पातळ थरही असू शकतो, आणि छापला जातो तो बहुधा सगळ्यात वरचा आकडा. ‘आय एम ६’, ‘आय एम ८’ ही नावंही मुळात एका उत्पादकाच्या तंतूंची. रॉडवर ती दिसली म्हणून प्रत सिद्ध होत नाही. आणि ‘ग्राफाइट रॉड’ व ‘कार्बन रॉड’ यांत फरक शोधू नका. रॉडच्या बाबतीत ती एकाच मालाची दोन नावं आहेत.

तंतूपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे भिंतीची जाडी. राळ लावलेलं कार्बनचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून घट्ट टेप ओढतात, भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. उरते ती पोकळ नळी, म्हणजेच ब्लँक. तंतू ताठ असला की तेवढाच ताठपणा कमी थरांत मिळतो. थर कमी झाले की वजन उतरतं, आणि भिंतही पातळ होते. पेय प्यायची कागदी किंवा प्लॅस्टिकची स्ट्रॉ हळूहळू वाकवून बघा. ती ओढली जाऊन तुटत नाही. आधी तिचा गोल आकार चपटा होतो आणि मग आतल्या बाजूने ती एकदम मुडपते. पातळ भिंतीचा रॉड बहुतेक वेळा असाच जातो. दाब सोसायला कार्बन तसाही ओढीपेक्षा कमकुवत आणि ताठ प्रतींत ही उणीव आणखी ठळक. म्हणून चांगले कारागीर आडवे थर देतात, राळ सुधारतात, कुठे किती थर हवेत याचा हिशेब करतात. महागड्या रॉडच्या किमतीतला खरा प्रामाणिक भाग मला हा वाटतो. तो छापील आकड्यात दिसत नाही.

मग ताठपणाला पैसे द्यावेतच कशाला? कारण त्याचे फायदे हाताला जाणवतात. लांब फेकल्यावर रॉडचं टोक पुढे-मागे थरथरत राहतं आणि ती थरथर लाईनचा वेग खाते. हलका, ताठ ब्लँक लवकर स्थिरावतो. थरथरीचा वेग ताठपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून नुसत्या तंतूचा हिशेब धरला तर कार्बन काचेच्या दुप्पट चपळ. तळाशी ल्युअर (नकली आमिष) खडकावर घासलं की चिखलात रुतलं, माशाने नुसतं तोंड लावलं की गिळलं, हे बोटांना कळतं तेही यामुळेच. आणि दिवसभर शेकडो वेळा फेकणाऱ्याच्या मनगटाला टोकाकडचा एकेक ग्रॅम जाणवतो. सकाळी सात वाजता दोन्ही रॉड सारखे वाटतात, दुपारी दोनला नाही.

पण ही संवेदनशीलता लाईनमधून येते, हे विसरून बरेच जण रॉडवर पैसे ओततात. नायलॉनची मोनो लाईन ताणल्यावर सहज पंधरा-वीस टक्के लांबते. तीस मीटर लाईन बाहेर असेल तर माशाची टोचणी त्या रबरी लांबीतच विरून जाते. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाईन जेमतेम काही टक्के लांबते. साध्या रॉडवर ब्रेडेड लाईन लावली तर हाताला जेवढा फरक जाणवतो, तेवढा मोनो लावलेला उंची रॉड घेऊन मला कधीच जाणवलेला नाही. आधी लाईन बदला, रॉडचं मग पाहू, असं मी सांगतो. (ब्रेड लावणार असाल तर गाईडच्या, म्हणजे रॉडवर लाईन ज्यांतून जाते त्या, कड्या सिरॅमिकच्या आणि गुळगुळीत आहेत ना, ते बघा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. धागा अडकला तर तिथे चीर आहे, आणि ती चीर लाईन कापणार.)

महागडा रॉड कोणी घ्यावा, यावर माझं मत ठाम आहे. हातात रॉड धरून सतत ल्युअर फेकणारा, तळ चाचपत जिग (वजनदार डोक्याचं नकली आमिष) खेळवणारा, दहा-बारा मीटर लांबीच्या पोलवर, म्हणजे रीळ नसलेल्या लांब काठीवर, मासे धरणारा, यांनी पैसे घालावेत. लांब पोलवर तर ताठपणा हा चैनीचा विषयच नाही. तेवढ्या लांबीवर मऊ माल टोकाला लोंबतो आणि हूक लागेपर्यंत मासा निघून जातो. उलट आमिष लावून रॉड स्टँडवर ठेवून वाट पाहणाऱ्याला, बोटीमागे लाईन ओढणाऱ्याला, खडकाळ किनाऱ्यावर धडपडत चालणाऱ्याला, लहान मुलांना शिकवणाऱ्याला महागडा कार्बन रॉड म्हणजे पैसे पाण्यात. तिहेरी हूक असलेली, पाण्यात थरथरत चालणारी ल्युअर वापरणारे कित्येक कसलेले लोक मुद्दाम फायबरग्लास घेतात. मऊ रॉड उशिरा ताठ होतो, माशाला ल्युअर तोंडात घ्यायला क्षणभर मिळतो आणि झुंजीत हूक तोंड फाडून निसटत नाही. तिथे मऊपणा हाच गुण.

बाकीच्यांसाठी मधली पायरी: ३० टनांच्या आसपासचा कार्बन, नीट बसवलेले गाईड, हातात समतोल वाटणारी मूठ. अगदी स्वस्त रॉडपासून इथपर्यंत आलात की सुधारणा स्पष्ट जाणवते. इथून वर दर पायरीला किंमत झपाट्याने वाढते आणि फरक ओळखायला सरावाचे हात लागतात. वरच्या रॉडच्या किमतीत पुष्कळदा हमीचाही भाग असतो, मोडला तर बदलून देण्याची सोय. तेव्हा घेताना एवढंच विचारा की बदलून घ्यायला काय पाठवावं लागतं आणि किती खर्च येतो.

आता त्या ‘टक्’ आवाजाकडे परत येतो, कारण महागडा रॉड मोडण्यात माशाचा हात क्वचितच असतो. मासा जवळ असताना रॉड उभ्या रेषेच्या मागे नेला की सगळा ताण टोकाकडच्या पातळ भागावर एकवटतो आणि खालचा जाड भाग, जो खरं तर ओढायला बनवलेला आहे, कामालाच लागत नाही. जवळचा मासा काढताना रॉड खाली धरा, बाजूला न्या, जाळी घ्या. झाडात अडकलेलं ल्युअर रॉडने झटकून सोडवू नका, रॉड लाईनच्या रेषेत धरून हाताने लाईन ओढा. रीळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाईन सुटू देणारा ब्रेक, लाईनच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश एवढाच ठेवा. आणि फेकताना शिसं ब्लँकवर आपटलं तर तिथे बोटाने चाचपा. वरून केसाइतका ओरखडा दिसतो, आत थर सुटलेला असू शकतो, आणि रॉड मोडतो तो त्या दिवशी नाही, तीन आठवड्यांनी, लहानशा माशावर. मग आपण कंपनीला दोष देतो.

एक गोष्ट जिवाची आहे म्हणून ठासून सांगतो. कार्बन वीज वाहून नेतो. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे लांब कार्बन रॉड उभा करू नका, आणि गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून निघा. फायबरग्लास वीज वाहत नाही हे खरं, पण ओला रॉड आणि ओली लाईन यांचा भरवसा कोणी धरू नये.

माझ्याकडे आज दोन रॉड वापरात आहेत. मधल्या प्रतीचा कार्बन रॉड फेकण्यासाठी, आणि तो जुना फायबरग्लासचा, रात्री तळाला आमिष टाकून बसण्यासाठी. मोडलेल्या महागड्या रॉडचं टोक कापून वर नवीन गाईड बसवलं आहे. आता तो आखूड आहे आणि पहिल्यापेक्षा बराच ताठ. लहान बोटीतून सरळ खाली जिग सोडायला तो चांगला चालतो.