संबंधम्

संबंधम् : केरळातील नायर आणि इतर काही मातृवंशीय समाजांत स्त्री-पुरुषांमध्ये पूर्वी जुळणाऱ्या, समाजमान्य पण सहज मोडता येणाऱ्या नात्याचे नाव. मानवशास्त्रात ‘विवाह कशाला म्हणावे’ हा वाद पेटवणाऱ्या मोजक्या शब्दांपैकी हा एक.

शब्द संस्कृतातून मल्याळममध्ये गेला : सम् म्हणजे एकत्र, बंध म्हणजे बांधणे. मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटतो आणि तिथेच फसगत होते. आज ‘त्यांचे संबंध आहेत’ म्हटले की आवाज आपोआप खाली येतो. जुन्या मराठी पत्रव्यवहारात मात्र ‘शरीरसंबंध’ म्हणजे सरळ सोयरीक. मल्याळम शब्द या जुन्या अर्थाच्या जवळचा आहे. पुरुषाने स्त्रीला वस्त्र देणे हा मुख्य विधी असल्याने काही भागांत या नात्याला ‘पुडमुरि’ असेही म्हणत.

नायरांचे घर म्हणजे तरवाड : एका मूळ स्त्रीपासून चालत आलेल्या मुली, त्यांची मुले आणि त्या सर्वांचे भाऊ. कारभार थोरल्या मामाकडे (कारणवर), वारसा मामाकडून भाच्यांकडे. या पद्धतीला मरुमक्कत्तायम म्हणत. मध्य केरळात संबंधम् जुळले तरी स्त्री तरवाड सोडत नसे. पुरुष रात्रीच्या जेवणानंतर येई आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परते. आत कोणी आहे हे कळावे म्हणून तो शस्त्र दाराबाहेर ठेवी, असे वर्णन आढळते. ओणम, विशू, तिरुवातिरा या सणांना त्याने भेटी द्यायच्या. पोसण्याची जबाबदारी त्याच्यावर नसे. भेटी थांबल्या की नाते संपले, काडीमोडाची गरज नाही. उत्तर मलबारात मात्र स्त्री पतीच्या घरी नांदायला जाई, त्यामुळे सगळ्या केरळाला एकच चित्र लावणे चूक ठरते.

याहून वेगळा विधी ताळिकेट्टु कल्याणम्. मुलगी वयात येण्यापूर्वी तिच्या गळ्यात विधीपूर्वक ताळी (मंगळसूत्रासारखे लेणे) बांधली जाई. ताळी बांधणारा पुढे तिचा जोडीदार होईच असे नाही. नंबूद्री ब्राह्मणांत सामान्यतः थोरला मुलगाच स्वजातीत लग्न करी. धाकटे नायर स्त्रियांशी संबंधम् जोडत. त्यांची जमीन त्यामुळे अखंड राहिली; मुले आईच्या तरवाडाची, बापाच्या वारशाशी त्यांचा काही संबंध नाही. व्यवस्था कोणाच्या सोयीची होती, हे यावरून उघड आहे.

मानवशास्त्रज्ञ कॅथलीन गफ यांनी 1959 मध्ये या उदाहरणावरून विवाहाची व्याख्याच बदलायला घेतली. स्त्रीच्या मुलाला जन्मसिद्ध सामाजिक दर्जा मिळवून देणारे, एक किंवा अधिक व्यक्तींशी असलेले तिचे नाते म्हणजे विवाह, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. म्हणूनच पितृत्व कोणीतरी मान्य करणे, सुईणीचा मोबदला देणे या गोष्टींना त्यांच्या विवेचनात इतके वजन आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेल्या इरावती कर्वे यांनीही 1953 च्या आपल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात नायरांच्या मातृवंशीय कुटुंबाची दखल घेतली आहे.

इंग्रजी न्यायालयांच्या लेखी संबंधम् हा कायदेशीर विवाह नव्हता, आणि शिकलेल्या नायरांना ही गोष्ट डाचू लागली. ओ. चंदु मेनन यांच्या ‘इंदुलेखा’ (1889) या कादंबरीत नायिका एका नंबूद्रीचे संबंधम् झिडकारते. पण संबंधम् हा विवाह नव्हेच, हे मात्र मेनन यांना मान्य नव्हते. याच प्रश्नावर 1891 साली नेमलेल्या आयोगानंतर 1896 चा मलबार विवाह कायदा आला. त्यात नोंदणी ऐच्छिक होती आणि फारच थोड्यांनी ती केली. मलबार तेव्हा ज्या मद्रास प्रांतात होता, तिथे 1933 च्या मरुमक्कत्तायम कायद्याने संबंधम्ला विवाहाचा दर्जा दिला आणि तरवाडाच्या वाटणीची वाट मोकळी केली. पुढे केरळ विधिमंडळाने 1975 मध्ये संयुक्त कुटुंबपद्धती रद्द करणारा कायदा केला, तेव्हा तरवाडाचा कायदेशीर आधारही संपला.