घर सांभाळणारे बाबा

घर सांभाळणारे बाबा : मुलांचा रोजचा सांभाळ आणि घरकाम ही ज्यांची मुख्य जबाबदारी असते आणि ज्यांचे घर प्रामुख्याने पत्नीच्या कमाईवर चालते, असे वडील. नोकरी सुटल्यामुळे घरी बसलेला पुरुष आणि मूल वाढवायचे म्हणून घरी थांबलेला पुरुष वेगळे. मात्र पहिल्याचा दुसरा झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मराठीत या भूमिकेला रुळलेला शब्द नाही. ‘हाऊस हजबंड’ बोलण्यात येतो, पण त्यात नवरा आहे, बाप नाही. ‘घरकोंबडा’ तर शिवीच. याच भाषेने ज्ञानेश्वरांना माउली म्हटले आणि जनाबाईने विठ्ठलाला लेकुरवाळा केले. पुरुषाच्या कडेवरचे मूल मराठी मनाला परके नाही. त्या मुलासाठी पुरुषाने सगळा दिवस राखून ठेवणे मात्र अजून सहज पचत नाही.

या भूमिकेतून काय मिळते, ते कामाच्या बारकाव्यातच कळते. तान्ह्या बाळाची आंघोळ घ्या. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथे घ्यायचे, तोंडात पाणी जाऊ नये म्हणून एका हाताने डोके सावरायचे आणि तांब्याने पाठीवर कोमट पाणी सोडायचे. पाणी किती गरम आहे ते आधी कोपर बुडवून पाहायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम आजीचे किंवा मालीशवाल्या बाईचे. बाबा पहिले काही दिवस अवघडून बसतो, बाळही किंचाळते. पुढे तेच बाळ पाण्याचा आवाज ऐकून पाय झाडू लागते आणि कोणते रडणे भुकेचे, कोणते झोपेचे, कोणते पोटात कळ आल्याचे हे बाबाला स्वयंपाकघरातून ओळखू येते. अशी ओळख रोजच्या शी-शू, लंगोट आणि मऊ भातातूनच होते. बाबाच्या पदरात पडणारी सर्वांत मोठी कमाई हीच.

सांभाळ करता करता पुरुषाचे शरीरही बदलते. फिलिपिन्समधील सेबू येथे 624 तरुणांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी झाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बरेच घटलेले आढळले, आणि मुलांसाठी दिवसाला तीन तास किंवा अधिक देणाऱ्यांत ते सर्वांत कमी होते. इस्रायलमधील अभ्यासांत बाळाच्या सहवासात असलेल्या वडिलांच्या रक्तात ऑक्सिटोसिन या माया-जवळिकीशी जोडलेल्या संप्रेरकाचे प्रमाण आईइतकेच दिसले. माया उपजत असेलही, पण ती हाताळण्याने वाढते, हे आपल्या आज्यांचे म्हणणे इथे प्रयोगशाळेत दिसते. मुलांच्या बाजूने पाहता, स्वीडिश संशोधकांनी 2008 मध्ये 24 दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांपैकी 22 अभ्यासांत वडिलांच्या सहभागाचा मुलांना लाभ झालेला दिसला.

मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांत वडील दिवसाचा सुमारे 47 टक्के वेळ तान्ह्या मुलाजवळ, हात पोचेल इतक्या अंतरावर असतात. पुरुष हे काम मुळातच करू शकत नाही, या समजुतीला यापेक्षा सरळ उत्तर नाही. स्वीडनने तो प्रश्न कायद्याने हाताळला. 1974 मध्ये तिथे मातृत्व रजेच्या जागी आई-वडील दोघांसाठी पालकत्व रजा आली. घेणाऱ्या मात्र बहुतेक आयाच, म्हणून 1995 मध्ये एक महिना असा राखून ठेवला की वडिलांनी घेतला नाही तर तो वायाच जावा. आज एका मुलामागे 480 दिवस मिळतात, त्यांतले 90 दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात. बाबागाडी ढकलत कॉफी पिणाऱ्या तिथल्या बाबांना ‘लाटे-पप्पा’ (लाटे म्हणजे दुधाळ कॉफी) असे लाडके नाव पडले आहे.

भारतात केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत तशी सक्ती करणारा कायदा नाही. मूल संगोपनासाठी 730 दिवसांची रजा केंद्रात स्त्रियांबरोबर पुरुषालाही मिळते, पण तो एकल पालक असेल तरच. म्हणजे आई नसेल तेव्हाच नियमाला बाप दिसतो, ही खरी उणीव आहे. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांच्या सांभाळात वेळ देतात, पुरुष 21.4 टक्के. असा वेळ देणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला 140 मिनिटे देतात, पुरुष 74.

परदेशातल्या मराठी कुटुंबांत ही भूमिका कधी व्हिसाच्या नियमाने येते. पत्नी अमेरिकेत एच-1बी व्हिसावर नोकरी करते, पती एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर असल्याने वेगळ्या परवान्यावाचून काम करू शकत नाही, आणि डबा, शाळा, डॉक्टर हे सगळे त्याच्याकडे येते.

संसारातला बदल एका शब्दावरून ओळखता येतो : ‘मदत’. बायकोला मदत करणाऱ्या नवऱ्याला काय करायचे ते सांगावे लागते. घर सांभाळणाऱ्याला तापाच्या औषधाचा पुढचा डोस किती वाजता, डब्यात काल काय होते, शाळेत पांढरा शर्ट कधी लागतो, हे ठाऊक असते. आई कामावर जाते ती निर्धास्त, हा दोघांचाही लाभ.

याची किंमतही मोठी आहे. नोकरीत खंड पडतो, भविष्य निर्वाह निधी थांबतो, मुलाखतीत रिकाम्या वर्षांचा हिशेब द्यावा लागतो. शाळेच्या पालक-गटात सगळ्या आया असतात आणि बाबा एकटा पडतो. लग्नाकार्यात ‘सध्या काय करता?’ हा प्रश्न ठरलेला. त्याला ‘मुलीला सांभाळतो’ असे मान वर करून सांगता यायला बराच काळ लागतो. तोवर मुलीला त्याची सवय झालेली असते. रात्री ताप चढला की ती डोळे न उघडता आधी ‘बाबा’ अशी हाक मारते.